म्हैसूर ते बंगळूर, मध्ये दाणापाणी

आमच्या मामंजींना कुठल्याही गावाचं अंतर विचारलं, की वाटेत घोड्याला किती वेळा पाणी पाजावं लागेल ते आधी सांगत. नंजनगूड म्हणजे एकदाही नाही. श्रीरंगपट्टण म्हणजे गरज नाही, पण तिथं कावेरी आहे तर पाजून घ्यावं. बंगळूर म्हणजे तीनदा, वैशाखात चारदा. शेजारच्या सुब्बम्मा काशीयात्रेला निघाल्या तेव्हा त्यांनीही सहज विचारलं. मामंजींनी बराच वेळ डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "एवढं पाणी पिणारा घोडा अजून जन्मायचाय अम्मा. तुम्ही रेलगाडीनंच जा."

मामंजी म्हणजे माझे सासरे. महाराजांच्या घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. म्हैसुरातली आमच्यासारखी जुनी मराठी घरं बहुतेक अशीच. कुणाचा तरी खापरपणजोबा कधीतरी घोड्यावर बसून इकडे आला आणि परत जायचं विसरला. घरात मराठी, ओसरीवर कन्नड आणि घोड्याशी हिंदुस्थानी, अशी मामंजींची वाटणी होती. रागावले की तिन्ही भाषा एकदम बाहेर पडत आणि कुठलीच धड कळत नसे, म्हणून त्यांच्या रागाला घरात कुणी भीत नसे. ते स्वतः मात्र एका माणसाला भीत, माझ्या सासूबाईंना. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. उंचीनं त्या मामंजींच्या खांद्यालाही लागत नसत, पण त्यांनी "दफेदार" अशी हाक मारली की मामंजी नकळत टाचा जुळवायचे.

आता ज्याच्या पायी हे सगळं रामायण घडलं ते सांगते. आमच्या देवघरात घराण्याची तलवार होती. रोज दिवेलागणीला तिच्यापुढे समई लागे, आणि त्या वेळी घरची सून उंबरठ्याच्या आत असलीच पाहिजे असा नेम होता. दिवा तिनंच लावावा असं काही नव्हतं. तिला शिवायचं नसलं तर आत्याबाई लावायच्या. पण सून घरात हवी. स्वार मोहिमेवर असताना त्याचं घर संध्याकाळी रिकामं दिसू नये, म्हणून कुणीतरी तो नेम घातला होता म्हणे. मोहिमा कधीच्या संपल्या होत्या. ती तलवार आता वर्षातून एकदा, दसऱ्याला, कोहळा कापायची. नेम मात्र कोहळ्यावरही चालूच होता.

म्हणजे आमच्या घरच्या सुनेनं माहेरी जायला हरकत नव्हती, रात्री राहायला होती. आत्याबाईंचं माहेर नंजनगूड. त्या सकाळच्या गाडीनं जात, आईच्या हातचं जेवत आणि उन्हं कलायच्या आत परत येत. लग्न झाल्यापासून एक रात्र त्या माहेरी झोपल्या नव्हत्या, मी घरात आल्यावरही नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसावं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

माझं माहेर बंगळूरचं, आणि ही चूक सर्वस्वी मामंजींची. मला पाहायला ते एकटेच आले होते. आईनं त्यांना एकच विचारलं, "एवढ्या लांब दिली तर पोर भेटायची कशी?"

"लांब?" मामंजी मिशीत हसले. "तीनदा पाणी पाजलं की म्हैसूर. तुम्ही आठवण काढायची, मी पोरीला आणून उभी करायची. दफेदाराचा शब्द आहे."

शब्द देताना त्यांना नेमाची आठवणच झाली नाही. म्हैसूरला परत गेल्यावर आत्याबाईंनी "मुलगी कुठली?" म्हणून विचारलं, उत्तर ऐकलं, आणि दुसरा प्रश्न केला, "जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येतं?" त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत म्हणे. तोपर्यंत साखरपुडा ठरून गेला होता. रेलगाडीनं बंगळूर गाठेपर्यंत अर्धा दिवस जायचा, आणि परतीच्या गाडीनं दिवेलागणीच्या आत म्हैसूर गाठणं कुणाच्याच हातात नव्हतं.

लग्नानंतर आई एकदोनदा येऊन गेली. मग तिचे गुडघे धरले, आणि त्यापाठोपाठ डोळ्यांत पडदा वाढायला लागला. वैद्यांनी सांगितलं, हळूहळू सगळंच अंधुक होईल. आईचा निरोप आला, दिसतंय तोवर एकदा पोरीचं तोंड बघू द्या. तो निरोप ऐकून मी विहिरीपाशी जाऊन रडत बसले होते. इतक्यात मामंजी बादली घेऊन आले. घोडा सुटला तरी दोन वेळा बादली घेऊन विहिरीवर यायची त्यांची सवय सुटली नव्हती. आणलेलं पाणी ते परसातल्या केळींना पाजत आणि केळींच्या पाठीवर थोपटत.

माझ्याकडे बघून ते घुटमळले. मग म्हणाले, "सुम्ने रडू नको मा. उगाच. दफेदारानं शब्द दिलाय ना? वाट काढतो."

वाट काढायची म्हणजे आत्याबाईंना जाऊन विचारायचं, हे घरातल्या मांजरालाही कळलं असतं. मामंजींनी तेवढं सोडून सगळं केलं.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी एकदा जेवताना वर्तमानपत्रातली बातमी सांगितली, की विलायतेत विमानातून माणसं या गावाहून त्या गावाला जायला लागली आहेत, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात. मामंजींचा घास हातातच राहिला. "संध्याकाळी म्हणजे दिवेलागणीच्या आधी की नंतर?" त्यांनी विचारलं. ह्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी शाळेतला नकाशा घरी मागवला गेला आणि ओसरीवर अंथरला गेला.

मामंजींनी लगामाच्या कातड्यातून एक बारीक दोरा उसवला. तो म्हैसूरवर अंगठ्यानं दाबला आणि बंगळूरपर्यंत ताणून धरला. "बघ," ते मला म्हणाले, "रस्ता वाकडा. रेलगाडी तर दारुड्यासारखी, मंड्याला जाते, चन्नपट्टणला जाते, दिसेल त्या गावाला नमस्कार करत जाते. हवा सरळ." दोऱ्याच्या हिशेबानं हवेतलं अंतर ऐंशी मैलांच्या आसपास भरलं. ह्यांनी विमानाचा वेग सांगितला. तासाभरात बंगळूर! सकाळची पूजा आटोपून निघायचं, आईकडे जेवायचं, तिसऱ्या प्रहरी परतायचं आणि निवांत पाय धुऊन समईपुढे बसायचं. मी तो दोरा कितीतरी वेळ बघत राहिले. वितीएवढा तर होता.

पण मामंजी स्वतः तासाभराला तयार नव्हते. "मध्ये दाणापाणी नको?" ते म्हणाले.

"विमानाला कसलं दाणापाणी, आबा?" ह्यांनी विचारलं.

"जे जातं ते दमतं. मद्दूरला थांबावंच लागेल."

"अहो, ते यंत्र आहे."

"रेलगाडी यंत्र नाही? ती मद्दूरला उभी राहून पाणी पीत नाही? माणसं उतरून वडे खात नाहीत? मग विमान काय आभाळातून पडलंय?"

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. मामंजींनी मद्दूरच्या दाणापाण्याचा वेळ, मालिश आणि थोडी चाल देऊन घाम जिरवण्याचा वेळ मिळवला. तरीही हिशेब दिवेलागणीच्या आत बसत होता. मग त्यांनी विमानतळ ठरवायला घेतले. म्हैसूरचा विमानतळ हूटगळ्ळीचा माळ. तिथं खड्डे कमी आणि गवत चांगलं. घरापासून हूटगळ्ळीपर्यंत आमच्या गल्लीतल्या अन्वरमियाँचा जटका, म्हणजे टांगा. त्या जटक्याचं घोडं इतकं आळशी, की बंगळूरच्या अख्ख्या प्रवासात सगळ्यांत जास्त वेळ लागणार तो घरापासून हूटगळ्ळीपर्यंतच, हे मामंजींना कळून चुकलं. त्यांना अन्वरमियाँचा फार राग आला.

बंगळूरचा विमानतळ म्हणजे आमच्या आईचं परस. तिथं मध्येच एक फणस होता. मामंजींनी ह्यांच्याबरोबर माझ्या वडिलांना निरोप पाठवला, की सूनबाई उतरणार आहे, तरी फणस तोडून ठेवावा. वडील गरीब स्वभावाचे, त्यात मुलीचा बाप. त्यांनी अदबीनं उलट निरोप पाठवला, की झाडाला यंदा फळ चांगलं धरलंय, एवढा बहर उतरला की लगेच तोडतो, तोवर विमान थांबेल का? मामंजी म्हणाले, थांबेल.

मग माझी तालीम सुरू झाली. घोड्यावर कधी न बसलेली बाई एकदम विमानावर कशी बसेल, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी खुंटीवरचं खोगीर काढलं, ओसरीच्या झोपाळ्यावर पट्ट्यांनी आवळून बांधलं आणि मला वर बसायला लावलं. मी पदर खोचून बसले. समोरच्या कडीला लगाम बांधलेला. मामंजी मागून झोके देत आणि हुकूम सोडत, "पाठ ताठ! टाचा खाली! वारा आला तर लगाम ढिला सोड, ओढू नको, तोंड दुखतं त्याचं!" मी अगदी मन लावून सगळं करत होते. हसण्यासारखं आहे हे मलाही कळत होतं, पण त्या झोपाळ्यावर डोळे मिटले की आईचं परस दिसायचं, फणसासकट. एकदा मी अशी पुढे झुकून भरधाव निघाले असताना सुब्बम्मा विरजण मागायला दारात आल्या.

"अय्यो! काय आटा मांडलाय मा हा?" त्या म्हणाल्या. आटा म्हणजे खेळ.

"बंगळूरला चाललीय," आतून आत्याबाईंचा थंड आवाज आला. "तुम्ही विरजण घ्या. मद्दूरला थांबली की उतरेल."

आत्याबाईंना वाटत होतं, नवऱ्याला म्हातारपणी विमानाचं वेड लागलंय. माझ्या आईचा निरोप त्यांच्या कानावर गेलाच नव्हता, म्हणून ते वेड बंगळूरचंच का हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांना सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणातच नव्हती.

नुसता दोरा पुरेना म्हणून मामंजींनी कबुतरांची जोडी आणली. ह्यांनी ती टोपलीत घालून रेलगाडीनं बंगळूरला न्यायची, तिथं सोडायची, आणि मामंजींनी म्हैसुरात गच्चीवर उभं राहून ती किती वेळात येतात ते बघायचं. त्या दिवशी गच्चीवरून ते दिवसभर उतरले नाहीत. कबुतरं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी एक आलं. दुसरं पावसाळा संपल्यावर आलं, आणि बरोबर कुटुंब घेऊन आलं. मामंजी जराही खचले नाहीत. "बघ, मी म्हणत नव्हतो?" ते ह्यांना म्हणाले. "दाणापाण्याला थांबलं होतं."

आणि मग एक दिवस खरंच विमान आलं. कोण एक गोरा तरुण आपलं विमान घेऊन दक्षिणेत गावोगाव फिरत होता, तो म्हैसूरला येणार आणि हूटगळ्ळीच्या माळावर उतरणार अशी बातमी पसरली. जागा ऐकून मामंजींना जराही आश्चर्य वाटलं नाही. दुसरीकडे कुठं उतरणार, असा त्यांचा चेहरा होता. त्यांनी जुना गणवेश काढला. पोटावरची बटणं लागेनात म्हणून वरून शेला बांधला. पायात बूट, बुटांना घोड्याला टोचायचे काटे, डोक्याला जरीचा पटका. एका हातात पाण्यानं भरलेली बादली, काखेत हुलग्यांचा तोबरा. आत्याबाई म्हणाल्या, मीही येते, हा माणूस एकटा काय दिवे लावील कुणास ठाऊक. असे आम्ही चौघं अन्वरमियाँच्या जटक्यातून निघालो. बादली हिंदकळत होती आणि मामंजी दर वळणावर घोड्याला नाही नाही ते बोलत होते.

माळावर सगळं म्हैसूर लोटलं होतं. विमान उतरलं, धूळ बसली, आणि कुणी पुढे व्हायच्या आत आमचे मामंजी बादली घेऊन विमानाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. लोक खो खो हसायला लागले. तो गोरा पोरगा खाली उतरला. उन्हातान्हातून आलेला, तोंडावर तेल आणि माती. त्यानं बादली पाहिली, मामंजींना कडक सलाम ठोकला, ओंजळीनं घटाघटा पाणी प्यायला आणि उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं.

"पाहिलंत?" मामंजी गर्दीकडे वळून म्हणाले. हुलगे त्यानं घेतले नाहीत, पण वास घेऊन बघितला.

मग मामंजींनी ह्यांना इंग्रजीत विचारायला लावलं, की बंगळूरला किती वेळ लागतो. वारा पाठीशी असेल तर तासाच्या आतच, तो म्हणाला. "दाणापाणी धरून?" मामंजींनी विचारलं. ह्यांनी ते भाषांतर गिळून टाकलं. "मग माझ्या सुनेला घेऊन जा," मामंजी म्हणाले, "तिच्या आईचे डोळे जातायत. जेवून परत आण. दिवेलागणीच्या आत हवी. मी शब्द दिलाय." हे मात्र ह्यांनी शब्दन् शब्द सांगितलं. मी पदराआड उभी होते. त्या क्षणी तो मुलगा ये म्हणाला असता तर मी खोगिराशिवाय बसले असते.

त्या मुलानं आधी माझ्याकडे बघितलं. मग त्यानं विमानाची जागा दाखवली. त्याच्यापुरती एक, आणि पुढे फक्त आणखी एक.

मामंजींनी मैल मोजले होते, वारा मोजला होता, हुलगे मोजले होते. बसायच्या जागा मोजायच्या राहिल्या होत्या. घोड्यावर कसं, एकाला पुढे घेता येतं, एकाला मागे. परक्या पुरुषाबरोबर सुनेला एकटीला आभाळात पाठवणं त्या काळी कुणाच्या स्वप्नातही बसलं नसतं. "मी मागे शेपटीवर बसतो म्हणावं," मामंजी म्हणाले, "घट्ट धरून बसतो." तो मुलगा नाही म्हणाला. मामंजींचे खांदे एकदम पडले. एवढा मोठा माणूस, रिकामी बादली हातात घेऊन मुलासारखा उभा राहिला.

त्या गोऱ्या पोराला दया आली असावी. तो म्हणाला, म्हाताऱ्याला माझ्याबरोबर एक फेरी मारू दे, इथल्या इथं. मामंजी बसायला तयार झाले, पण आता बुटांच्या काट्यांवरून वाद पेटला. काट्यांनी विमानाचं कापड फाटेल, काढा, असं तो म्हणत होता. काट्यांशिवाय स्वार वर बसत नसतो, असं मामंजी म्हणत होते. शेवटी आत्याबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "दफेदार." मामंजींनी मुकाट्यानं काटे काढून त्यांच्या हातात दिले. विमान उडालं तसे आत्याबाईंनी ते काटे दोन्ही मुठींत गच्च धरले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "हे सगळं तुझ्या माहेरासाठी चाललं होतं?"

मी मान हलवली.

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

विमान खाली येईपर्यंत त्या आभाळाकडेच बघत राहिल्या.

मामंजी उतरले ते पटक्याशिवाय. तो चामुंडीच्या डोंगराकडे कुठंतरी उडून गेला होता. उरलेले केस उभे, डोळ्यांतून पाणी. त्यांनी सवयीनं विमानाच्या मानेवर थोपटलं, "शाबास बेटा" म्हणाले आणि हळूहळू चालत आत्याबाईंपाशी आले.

"काय दिसलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"नंजनगूड."

आत्याबाईंनी मुठींतले काटे पदरात ठेवले. मग म्हणाल्या, "माझं नंजनगूड?"

"हौदु की, तुझंच. देवळाचं गोपूर दिसलं. नदी दिसली. इथं म्हैसूर," मामंजींनी तळहात पुढे धरला आणि मनगटावर बोट ठेवलं, मग ते बोटांच्या टोकाशी नेलं, "आणि इथं नंजनगूड. बस, एवढंच."

"एवढं जवळ होतं?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "आपलं घर दिसलं?"

"दिसलं. केळी दिसल्या. पण उंबरठा काही दिसत नाही गं वरून. मी लई शोधला."

संध्याकाळी मी समई लावत होते. आत्याबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "सूनबाई, उद्याच्या गाडीनं बंगळूरला जा. आईपाशी राहा. तिचं डोळे भरून बघून झालं की मग ये."

"आणि दिवा?"

"दफेदार लावतील. इतके दिवस हवेत हिशेब केले, आता जमिनीवर जरा काम करू दे त्यांना." मग ओसरीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "मीही जाते नंजनगूडला. रात्री राहणार आहे."

मामंजी ताडकन उठून उभे राहिले. "दोघी? आणि माझं काय?"

"तुमचं दाणापाणी तुम्ही बघा," आत्याबाई म्हणाल्या.

आईनं मला मागच्या दारी उजेडात नेलं आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरून कितीतरी वेळ बघितलं. बघून झालं तरी हात काढले नाहीत. शेजारी तो फणस तसाच उभा होता. "मामंजींना सांग," ती म्हणाली, "बहर उतरलाय. आता तोडायचा तर तोडू." पुढच्या वर्षापासून तिला दिसेनासं झालं. पण मला तिनं पाहिलं होतं, मनासारखं पाहिलं होतं, आणि एवढ्यासाठी मी मामंजींचे पाय धुऊन पाणी प्यायले असते. एक रात्र म्हणून गेलेल्या आत्याबाई नंजनगूडहून आठवडाभरानं परतल्या. तोवर मामंजी रोज दिवेलागणीला डोक्यावरून शेला घेऊन, घरची सून असल्यासारखे खाली बघत समई लावत होते. हे सुब्बम्मांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. उंबरठ्याच्या आत मात्र ते अगदी वेळेवर असत.

त्यानंतर दर वर्षी मी बंगळूरला जाऊ लागले, रेलगाडीनंच. दर वेळी मामंजी स्टेशनवर पोचवायला यायचे, आणि गाडी सुटताना खिडकीशी चालत चालत हेच सांगायचे, की विमान असतं तर तू आत्ता कुठं असतीस. मद्दूर धरूनच सांगत. मी कधी वाद घातला नाही.

ते गेले तेव्हाही मी माहेरीच गेलेले होते. दोन दिवस त्यांना बरं नव्हतं. पण मी परत यायला निघणारच होते, म्हणून मुद्दाम कुणी कळवलं नाही. घरी पोचले तेव्हा दारात माणसं दिसली आणि मला कळलं. आत्याबाई कोरड्या डोळ्यांनी आत बसल्या होत्या. मला जवळ घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. दुपारपासून मामंजी सारखे विचारत होते, सूनबाई कुठवर आली? ह्यांनी गाडीची वेळ सांगितली तर त्यांना ती पटेना, चिडायला लागले. मग आत्याबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "मद्दूरला उतरलीय. दाणापाणी चाललंय."

आयुष्यात पहिल्यांदा आत्याबाईंनी त्यांचा हिशेब मान्य केला होता. मामंजींचा चेहरा निवळला. "मग होऊ दे म्हणावं सावकाश," ते म्हणाले, "घाई करू नको." आणि डोळे मिटले.

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी सुम्ने सांगितलं गं, असं म्हणून आत्याबाई तेव्हा कुठं रडल्या. मी त्यांना घड्याळातली वेळ विचारली. त्या वेळी आमची गाडी मद्दूरलाच उभी होती. मी फलाटावर उतरून वडा खात होते.